विनंती थांबा

सव्वीस वर्षं वसमत-माहूर गाडीवर
तिकिटं फाडली मी.
रस्ता मला रुपयांत पाठ आहे.
अर्धापूर, तामसा, हदगाव,
पैनगंगा ओलांडून उमरखेड, महागाव,
आणि धनोड्यापुढं तीच नदी पुन्हा.
पण तामशाच्या थांब्यावर झाड कशाचं, विचाराल
तर सांगता यायचं नाही.
तोंड कायम माणसांकडं, पाठ खिडकीला.

माहूरला एका डोंगरावर माझंच नाव आहे,
अनुसया.
ते देऊळ मी स्टँडवरूनच पाहिलं.
गाडी वीस मिनिटांत परत फिरायची.

फराळाचे डबे घासले त्या रात्री
एका जुन्या वेबिलाच्या पाठीवर लिहिलं:
सहा मुक्काम. दत्तजयंतीला माहूर. पायी.
खाली एक ते दहा आकडे टाकले,
पहिल्यापुढं स्वतःला बसवलं
आणि गाडी भरायला निघाले.

मुळे सरांनी तक्ता करून दिला,
वेग, विसावा, लिंबू-मीठ-साखर, तीन पानं.
शेवटी म्हणाले, मी मार्गदर्शन करीन.
लिंबाजी आधी हो म्हणाला, मग लग्नसराई आठवली.
गिरणीतल्या दोघी म्हणाल्या, घरी विचारून सांगतो.
त्यांची नावं पेन्सिलीनं.

प्रयागबाई हळद निवडते,
नखांच्या मुळापर्यंत पिवळी.
"गुडघा नको म्हणतो. त्याला कोण विचारायलंय?"
तिची एकच अट,
वाटेत तिच्या लेकाचा विषय काढायचा नाही.
मी ते वेबिलावर लिहून घेतलं.

उत्रेश्वर भरतीसाठी पळतो, पहाटे, कॅनॉलच्या कडेनं.
"सहा दिवस? म्या दोन दिवसांत जातो की."
"मग चार दिवस आम्ही तुला हुडकत बसायचं का?"
हसला. पाण्याचा कॅन त्याच्या नावावर टाकला.

आणि इस्माईलभाई.
अकरा वर्षं माझी गाडी चालवली त्यांनी.
डेपोपुढच्या हॉटेलात बशीत चहा ओतत म्हणाले,
"बाई, सोनापीरला माझाबी एक सलाम राहिलाय.
आन खरं सांगू का,
समोरचा रस्ता लई बघितला. बाजूचा नाही."
मी माझ्या खिडकीचं काही बोलले नाही.
चहाचे पैसे मात्र मी दिले.

रविवारी सराव ठेवला. अर्धापूरच्या वाटेवर
जमतील तेवढे किलोमीटर.
मशीनवर हा टप्पा एका बोटाचा.
पायांना सकाळ पुरली नाही.
उसाच्या मोळ्या, एक पडकी विहीर, तिच्यात पारवे,
हळदीच्या पानांचा ओला, तिखट वास,
नाव नसलेला एक पूल,
ज्याच्यावर मी नक्की कुणाशी तरी
दोन रुपयांवरून वाद घातला असेन.
प्रयागबाईच्या टाचेला फोड आला.
उत्रेश्वर पुढं जाऊन परत आला, चारदा.

मागून आपली गाडी आली.
आवाजावरूनच इस्माईलभाईंनी ओळखली,
"दुसऱ्या गिअरला रडते, तीच."
आणि बघते तर त्यांचा उजवा पाय
धुळीत ब्रेक दाबतोय.
गाडी थांबली खरंच. इथं थांबा नाही.
नवी कंडक्टर पोरगी दारातून वाकली,
"ताई, बसा की, रिकामीच आहे."
आम्ही चौघंही नको म्हणालो, एकदम,
जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात तिच्या मागून एक बाई उतरली.
खांद्याला पिशवी, चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.
"माहूरला पायी जाणारे तुम्हीच का?
गिरणीत कळलं."
डबल बेल झाली. गाडी गेली.
धूळ खाली बसेपर्यंत कुणी बोललं नाही.
मी पिशवीतून वेबिल काढलं, पेन काढला.
नाव विचारायचं होतं.
सवयीनं विचारलं,
कुठून बसलात?